कर नाही त्याला डर कशाला?

काही महिन्यांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये कॅमेरा बसला. फाटकावर, जिन्यांत, ग्रंथालयात आणि परीक्षा विभागात तो आधीपासून होता आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. प्रश्नपत्रिका ज्या कपाटात असतात त्या कपाटावर नजर असावी, हे आम्हालाही पटते. स्टाफरूममध्ये मात्र तसले कपाट नाही आणि रोकडही नाही. तिथे एक लांब टेबल आहे, कोपऱ्यात पाण्याचा माठ आहे, आणि दोन तासिकांच्या मधली दहा-पंधरा मिनिटे आहेत. पुढच्या सभेत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी भीतभीतच विचारले की, इथे कॅमेरा नेमका कशासाठी? व्यवस्थापनाच्या वतीने आलेले गृहस्थ हसत म्हणाले, "सर, कर नाही त्याला डर कशाला?" सभेत हशा पिकला आणि विषय संपला. त्या हशात सामील न झालेल्यांत मी होतो. पण गप्प बसलेल्यांतही होतो. प्रस्तुत लेख हे त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त समजावे.

मराठीचा मास्तर असल्यामुळे मला प्रथम खटकली ती त्या म्हणीची जागा. म्हण कुणाच्या तोंडी येते यावर तिचा अर्थ ठरतो. 'कर नाही त्याला डर कशाला' हे मुळात आरोपीचे वाक्य आहे. गावात आळ आलेला माणूस पंचांसमोर ताठ मानेने उभा राहून ते म्हणतो. मी काही केलेले नाही, तेव्हा मी भिणार नाही, असा त्यात निर्भयपणाचा उच्चार असतो. तेच वाक्य पंचाने, पाटलाने किंवा मालकाने उच्चारले की त्याचा अर्थ उलटा होतो. मग ते धमकीचे वाक्य होते: तू घाबरतो आहेस, म्हणजे नक्की काहीतरी केले असणार. निर्दोष असल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी गुपचूप एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते आणि प्रश्न विचारणे हाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो. म्हणूनच त्या सभेत दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही.

या म्हणीत आणखी एक गृहीत दडलेले आहे. पाहणारा न्यायी आहे, तो पाहिलेल्याचा विपरीत अर्थ लावणार नाही, जपून ठेवलेले चित्रण वर्षभराने भलत्याच कारणासाठी बाहेर काढणार नाही, असे ती धरून चालते. या गृहीताला आधार काय? ज्याच्या हाती माझी नेमणूक, वेतनवाढ आणि गोपनीय अहवाल आहे तोच पाहणारा, तोच अर्थ लावणारा आणि तोच निवाडा करणारा असेल, तर 'कर' नसलेल्यालाही 'डर' असणे यात शहाणपणच आहे.

* * *

या विषयावर बोलताना हल्ली 'समतोल' हा शब्द हटकून येतो. कर्मचाऱ्याचा खासगीपणा एका पारड्यात, मालकाची देखरेख दुसऱ्या पारड्यात, आणि मध्ये विवेकाचा काटा. चित्र सुबक आहे. पण बाजारात तराजू कुणाच्या हातात आहे हे पाहिल्याशिवाय कुणी शहाणा माणूस भाव करीत नाही. नोकरी देणारा आणि नोकरी मागणारा हे दोघे एका उंचीवर उभे नसतात. त्यांच्यात जो 'समतोल' साधला जातो, तो बहुधा खालच्याने आणखी थोडे खाली वाकल्यामुळे साधलेला असतो.

मराठीने या बाबतीत आपल्याला एक चांगली सोय करून ठेवली आहे. 'मॉनिटरिंग' या एका शब्दात जे दोन भिन्न व्यवहार कोंबले जातात, त्यांच्यासाठी आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत: देखरेख आणि पाळत. देखरेख बागेची असते, बांधकामाची असते, लहान मुलांची असते. तिच्यात जबाबदारी आहे, थोडी मायाही आहे. नुकसान होऊ नये हा तिचा हेतू असतो. पाळत नेहमी माणसावर ठेवतात, आणि तीही संशयित माणसावर. देखरेख करणारा समोर उभा असतो, पाळत ठेवणारा आडोशाला. देखरेखीत चूक दिसली की ती तिथल्या तिथे सुधारली जाते. पाळतीत चूक दिसली की ती टिपून ठेवली जाते. माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे की, देखरेखीचा अधिकार मालकाला आहे, पाळतीचा नाही. आणि आज देखरेखीच्या नावाने जे चालले आहे त्यातले बरेचसे पाळत आहे.

मालकाची नजर काही नवी नव्हे. महाड-पोलादपूरच्या घराघरांतून एक माणूस मुंबईला गिरणीत किंवा गोदीत असण्याचा काळ फार जुना नाही. गिरणीत जॉबर असे, बायकांच्या खात्यात नायकीण असे. जॉबर कामावर घेई, कामावरून काढी, साच्यावर लक्ष ठेवी; पुष्कळदा तो कामगाराच्याच गावचा, त्याच्याच चाळीतला असे आणि प्रसंगी त्याला व्याजाने पैसेही देई. म्हणजे कामगार कामाच्या वेळेनंतरही त्याच्या नजरेखालीच असे. जॉबरशाहीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. लाचखोरी आणि जुलूम हे तिचे अंगभूत गुण होते. पण जॉबर हा माणूस होता. तो दमत असे, विसरत असे; त्याच्याशी भांडता येई, त्याच्या गावकीत त्याची तक्रार नेता येई. एखाद्या कामगाराचे मूल आजारी असेल तर तो उशिरा का आला हे त्याला सांगावे लागत नसे.

आजच्या यंत्राला यातले काहीच नाही. टाळेबंदीच्या वर्षी, २०२० साली, आमचा एक माजी विद्यार्थी पुण्याहून पोलादपूर तालुक्यातल्या आपल्या वाडीत आला होता. काम एका कंपनीचे, लॅपटॉपवरचे. घरात रेंज नाही, म्हणून तो रोज सकाळी डोंगराच्या सोंडेवर एका आंब्याखाली जाऊन बसे. कंपनीने लॅपटॉपमध्ये घातलेली प्रणाली दर काही मिनिटांनी पडद्याचे छायाचित्र घेई आणि माऊस बराच वेळ हलला नाही की 'निष्क्रिय' अशी नोंद करी. महिनाअखेरीला निष्क्रिय मिनिटांचे पैसे कापले गेले. मला तो म्हणाला, "काम सगळं झालं होतं, सर. मी फक्त हललो नव्हतो." देखरेख आणि पाळत यांतला फरक याहून नेमकेपणाने मला सांगता येणार नाही. देखरेखीने काम पाहिले असते. पाळतीने हालचाल पाहिली.

कोठडीतल्या कैद्याला सतत पाहता येईल अशा बेंथमच्या तुरुंगाविषयी फुको वाचलेल्या प्रत्येक प्राध्यापकाला काही ना काही बोलता येते. त्यात एक गोष्ट सहसा सांगायची राहते. ती कल्पना मूळची तुरुंगाची नाहीच. जेरेमी बेंथमचा धाकटा भाऊ सॅम्युएल हा रशियात पोटेमकिनच्या जहागिरीवर कारागिरांकडून काम करून घेत होता. कमी मुकादमांत जास्त कामगारांवर नजर कशी ठेवावी या विवंचनेतून त्याला ती मध्यवर्ती इमारत सुचली. जेरेमी १७८६ साली त्याच्याकडे गेला आणि ती कल्पना घेऊन परतला. म्हणजे कारखाना तुरुंगासारखा झाला असे नव्हे. तुरुंगच कारखान्यावरून बेतला गेला.

* * *

आता ही नजर कुणावर पडते ते पाहू.

२०१८ च्या सुमारास नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. नवी मुंबई, चंदीगड, पंचकुला अशी ही यादी पुढे वाढत गेली. कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही हे घड्याळ सांगते. गटारात उतरताना हातमोजे मिळाले का, गमबूट मिळाले का, हे ते सांगत नाही. पंचकुल्यातल्या स्त्री-सफाई कामगारांनी संडास-बाथरूमला जातानाही हे घड्याळ आपल्याला पाहत असेल का, अशी भीती बोलून दाखवली होती. सफाईचे काम या देशात कोणत्या जातींच्या वाट्याला आले आहे हे वाचकांना सांगायला नको. मनगटी खूण बांधून हद्दीत ठेवण्याची कल्पना प्रथम याच कामगारांच्या बाबतीत सुचावी, याला मी योगायोग म्हणायला तयार नाही.

दुसरे उदाहरण अंगणवाडी सेविकांचे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सरकारी मोबाइल दिले गेले आणि मार्च २०२१ मध्ये केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' आले. बालकांची वजने-उंची, आहारवाटप आणि अंगणवाडी उघडल्याची नोंद सगळी त्यात भरायची. फोनची क्षमता तोकडी, ॲपची भाषा इंग्रजी, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या माथी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन ते फोन परत केले. मराठी वृत्तपत्रांनी या आंदोलनाची बातमी 'निकृष्ट मोबाइल' एवढ्यापुरतीच पाहिली. मला त्यात अधिक काही दिसते. ज्यांना सरकार कर्मचारी म्हणायलाही तयार नाही, ज्यांच्या मोबदल्याला 'मानधन' म्हणतात, त्या बायकांनी पाळतीचे साधनच साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवले. आम्हा सातव्या वेतन आयोगाच्या लाभार्थ्यांना सभेत दुसरा प्रश्न विचारवला नाही, हे इथे नमूद केले पाहिजे.

तिसरे उदाहरण अगदी घराजवळचे. २०२५ साली महसूल खात्याने तलाठ्यांपासून वर अधिकाऱ्यांपर्यंत चेहरा दाखवून, नेमल्या जागेच्या हद्दीत उभे राहून हजेरी लावण्याचा आदेश काढला. हजेरी नाही तर पगार नाही. तलाठी सजावर सापडत नाही ही तक्रार खरी आहे. सातबाऱ्यासाठी खेटे घातलेला कुणीही ती करील. पण पोलादपूर तालुक्यातला सजा म्हणजे काय? एका तलाठ्याकडे अनेक गावे, गावाला वाड्या, वाडीला पायवाट. २२ जुलै २०२१ रोजी तळीये, केवनाळे, साखर-सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या, तेव्हा नंतरच्या दिवसांत पंचनाम्यासाठी जी माणसे चिखल तुडवत गेली ती नेमल्या चौकटीत उभी राहिली नव्हती. ज्या नोकराचे खरे काम चौकटीबाहेर आहे, त्याची निष्ठा चौकटीत उभे राहण्यावरून मोजणारी व्यवस्था त्याला एकच गोष्ट शिकवते: काम करू नकोस, दिसत राहा.

* * *

आणि आता ही नजर कुणावर पडत नाही तेही पाहू. माझ्या दृष्टीने या लेखाचा हा मुख्य मुद्दा आहे.

३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. अकरा कामगार गेले. पुढचे काही दिवस राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान अवशेष शोधत होते आणि नातेवाईक फाटकाबाहेर बसून होते. त्या एका कारखान्याच्या दोषादोषाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मला प्रश्न पडतो तो सर्वसाधारण आहे. या वसाहतीत कंत्राटी कामगार फाटकातून आत किती वाजता शिरला हे सेकंदासह सांगता येते. बोटाचा ठसा, चेहरा, कॅमेरा असे तिहेरी पुरावे असतात. त्याच फाटकाच्या आत कोणत्या टाकीत काय साठवले आहे, झडप शेवटची कधी तपासली, आग लागली तर बाहेर पडण्याची दुसरी वाट कुठे आहे, हे त्या कामगाराला आणि वसाहतीला लागून असलेल्या गावांना तितक्याच अचूकपणे सांगता येते काय?

गेल्या दशकभरातला कायद्याचा प्रवाह पाहिला तर ही विसंगती अपघाताने आलेली नाही असे दिसते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने कामगार कायद्यांच्या पालनासाठी स्वयंप्रमाणनाची योजना आणली. 'आम्ही नियम पाळतो' असे आस्थापनेने स्वतःच लिहून द्यायचे आणि नेहमीच्या तपासणीतून सवलत मिळवायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांपैकी २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत तपासनिसाचे नावच बदलले आहे. आता तो निरीक्षक आणि त्याबरोबरच 'फॅसिलिटेटर', म्हणजे मालकाला मदत करणारा सल्लागारही आहे. कुठे तपासणी करायची हे संगणकावरची यादृच्छिक निवड ठरवणार. 'कारखाना' म्हणवून घेण्यासाठी लागणारी कामगारसंख्याही दुप्पट झाली: विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहाची वीस, विजेशिवाय चालणाऱ्या ठिकाणी वीसची चाळीस. या सगळ्याचे समर्थन एका शब्दात होते. 'इन्स्पेक्टर राज' संपले पाहिजे. सतत कुणीतरी डोक्यावर उभे असले की उद्योगाला मोकळेपणाने काम करता येत नाही, विश्वास टाकला की माणूस आपणहून नियम पाळतो, असा हा युक्तिवाद आहे.

युक्तिवाद सुंदर आहे. फक्त तो मालकापाशीच का थांबतो? कारखानदाराचा शब्द पुरेसा, पण तलाठ्याचा, सेविकेचा, झाडूवालीचा शब्द पुरेसा नाही. त्याला स्वयंप्रमाणन, हिला जीपीएस. ज्याच्या हलगर्जीने अकरा माणसे मरू शकतात त्याच्यावर विश्वास, आणि ज्याच्या हलगर्जीने फार तर एक तास वाया जाईल त्याच्यावर पाळत. व्यवस्थापनाच्या त्या गृहस्थांनी आपली म्हण एकदा वसाहतीच्या फाटकावर जाऊन म्हणून पाहावी. कर नाही तर निरीक्षकाची डर कशाला?

* * *

इथे एक प्रतिवाद हमखास येतो, आणि तो केवळ मालकांकडून येत नाही. पुरोगामी मित्रांकडूनही येतो. खासगीपणा ही पाश्चात्त्य, पोट भरलेल्या मध्यमवर्गाची चैन आहे, आपला समाज एका पडवीत झोपणारा, इथे कुणाचे काय कुणापासून लपलेले असते, असे हे मित्र म्हणतात. महाडमध्ये बसून हा युक्तिवाद ऐकताना मला नेहमी आश्चर्य वाटते.

२० मार्च १९२७ रोजी ज्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या डॉ. आंबेडकरांच्या पहिल्या मोठ्या नोकरीची हकिकत आठवावी. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला हा तरुण बडोदा संस्थानात रुजू झाला. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी असल्याचे भासवून तो एका पारशी धर्मशाळेत उतरला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. कचेरीत शिपाई लांबून कागद टाकत. त्यांनी स्वतःच ही आठवण पुढे लिहून ठेवली आहे. या तरुणाला काय लपवायचे होते? त्याने केले काहीच नव्हते. 'कर' नव्हता, 'डर' मात्र पुरेपूर होता, आणि तो खरा ठरला.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा, त्याच नावाच्या १९६३ च्या संग्रहातली, आपण जातवास्तवाची कथा म्हणून शिकवतो. ती नोकरीतल्या खासगीपणाचीही कथा आहे, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. रेल्वेत नोकरीला लागलेला तिचा नायक सहकाऱ्यांना आपली जात सांगत नाही. एवढी एकच गोष्ट त्याला स्वतःपाशी ठेवायची असते. कामावर त्याला कामावरूनच ओळखले जावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती गोष्ट उघड होते तेव्हा त्याचे जे होते ते कथा वाचलेल्यांना ठाऊक आहे. 'चोरली' या क्रियापदातला उपरोध पाहा. स्वतःची माहिती स्वतःजवळ ठेवणे हीच इथे चोरी ठरते.

तेव्हा खासगीपणा ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे. ज्याचे आडनाव, गाव, खाणे, देव आणि आजार यांपैकी काहीही उघड झाल्याने बिघडत नाही, त्याला खासगीपणा चैन वाटणे स्वाभाविक आहे. पडवीत सगळे एकत्र झोपत असतील. पण पडवीत कुणाला प्रवेश नाही हेही त्या समाजानेच ठरवले होते. ज्याला लपवल्याशिवाय खोली मिळत नाही, गरोदर असल्याचे कळले तर कंत्राट नूतनीकरण होत नाही, युनियनच्या सभेला गेल्याचे दिसले तर दुसऱ्या दिवशी फाटक उघडत नाही, त्याच्यासाठी खासगीपणा म्हणजे भाकरी आहे.

* * *

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. मात्र मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध चालतात. खासगी मालकासाठी वेगळा कायदा लागतो. तो २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा म्हणून आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. या कायद्याच्या सातव्या कलमात संमतीविना माहिती वापरण्याची जी मोजकी प्रयोजने दिली आहेत, त्यांत एक प्रयोजन 'नोकरीसाठी' हे आहे, आणि त्याला जोडून मालकाला हानी किंवा दायित्व यांपासून वाचवण्यासाठी, हे आहे. म्हणजे दुकानदाराला माझा फोन नंबर वापरायला माझी संमती हवी. ज्याच्या हाती माझे पोट आहे त्याला मात्र ती नको. दार बसवले खरे, पण कडी बाहेरच्या बाजूने लावली.

जगात इतरत्र हा प्रश्न सुटला आहे असे नाही. पण तो विचारला तरी गेला. रुमानियातल्या बर्बुलेस्कू नावाच्या कर्मचाऱ्याचे भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेले संदेश मालकाने वाचून, छापून काढून त्याला नोकरीवरून काढले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी, म्हणजे पुट्टस्वामी निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. कर्मचाऱ्याला आधी स्पष्ट सूचना दिली होती का, पाळत किती खोलवर गेली, तिला ठोस कारण होते का, कमी त्रासाचा दुसरा उपाय होता का, तिचा परिणाम कर्मचाऱ्यावर काय झाला, असे प्रश्न त्या निकालाने घालून दिले. फ्रान्समध्ये डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या माहिती-नियामकाने ॲमेझॉनच्या गोदामांना दंड केला. कामगाराच्या हातातला स्कॅनर त्याच्या मधल्या थांबण्याचाही हिशेब ठेवत होता, हे त्यातले एक कारण होते. हे वाचताना मला डोंगराच्या सोंडेवरचा आमचा विद्यार्थी आठवला. त्याच्या न हललेल्या मिनिटांसाठी जाब विचारणारे इथे कुणी नव्हते.

* * *

मग कॅमेरे काढून टाकायचे काय? नाही. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर कोणताही जबाबदार शिक्षक शाळेच्या व्हरांड्यात कॅमेरा नको म्हणणार नाही. पण त्या घटनेतलाही एक तपशील विसरता कामा नये. त्या शाळेतले नेमके त्या पंधरा दिवसांचे चित्रण उपलब्ध नसल्याचे खुद्द शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले होते. जो कॅमेरा संस्थेच्या ताब्यात असतो तो दुबळ्याच्या रक्षणाची वेळ आली की आंधळा होऊ शकतो, हा त्याचा धडा आहे. म्हणून प्रश्न कॅमेरा असावा की नसावा हा नाही. तो कशाकडे वळवलेला आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे, हा आहे.

माझ्या मते चार अटी पुरेशा आहेत. पहिली: नजर वस्तूवर, जागेवर आणि धोक्यावर असावी; माणसाच्या अंगावर नसावी. तिजोरी, फाटक, रसायनाची टाकी, प्रश्नपत्रिकांचे कपाट, लहान मुलांचा व्हरांडा या देखरेखीच्या जागा आहेत; मनगट, संडासाची वाट आणि जेवणाचे टेबल या नाहीत. दुसरी: काय टिपले जाते, किती दिवस ठेवले जाते आणि कोण पाहतो, हे कामगाराला त्याच्या भाषेत लेखी सांगावे. महाडच्या वसाहतीत मराठीबरोबर हिंदी, ओडिया बोलणारी माणसेही काम करतात, हेही त्यात धरावे. तिसरी: यंत्राच्या नोंदीवरून, माणसाने माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय, एका पैचीही वेतनकपात होऊ नये. चौथी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी: नजर दुतर्फी असावी. जे चित्रण मालक कामगाराविरुद्ध वापरू शकतो, ते कामगारालाही स्वतःच्या बचावासाठी मागता आले पाहिजे; आणि जो मालक कामगाराचा चेहरा रोज मागतो, त्याने आपल्या सुरक्षा-तपासणीचा अहवाल रोज फाटकावर लावला पाहिजे. यातले काहीच अशक्य नाही. यंत्रणा तीच, वायरी त्याच. फक्त कॅमेऱ्याचे तोंड थोडे वर करायचे आहे.

* * *

नेमाड्यांचा चांगदेव पाटील गावोगावच्या खासगी महाविद्यालयांतून मास्तरकी करत फिरला, त्या काळातही संस्थाचालकांना कोण कुणाकडे बसतो, काय बोलतो याची खडान्‌खडा माहिती असे. त्यासाठी वायरींची गरज नव्हती, चुगलखोर पुरत. तरीही ती माणसे टेबलाभोवती बसून वाटेल ते बोलत, भांडत, संस्थाचालकांची नक्कल करत, कारण चुगलखोर कोण हे सगळ्यांना माहीत असे आणि तो आला की विषय बदलता येई. आमच्या स्टाफरूममधला हा नवा सहकारी कधी उठून जात नाही.

कॅमेरा बसल्यापासून तिथे काही वाईट घडले असे नाही. कुणाला नोटीस आली नाही, कुणाचे वेतन कापले गेले नाही. फक्त बोलणे थांबले. पूर्वी एखादा कनिष्ठ सहकारी तासिका बिघडली तर येऊन सांगे, "आज माझं गणितच चुकलं, पोरांना काही कळलं नाही." मग कुणी त्याला आपली युक्ती सांगे, कुणी धीर देई. माझ्यासारख्याला शिकवायचे कसे, हे बी.एड. न करता त्याच टेबलावर कळले. आता तासिका चुकल्याची कबुली कुणी देत नाही. माठापाशी दोघे उभे राहिले की नकळत दोघांचीही नजर वर जाते आणि बोलणे हवेवर येते. चूक कबूल करता येत नाही अशा ठिकाणी माणसे चुका करायची थांबत नाहीत. ती फक्त शिकायची थांबतात.

ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या त्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही. पुढच्या सभेत तोच प्रश्न मी विचारणार आहे. उत्तरादाखल पुन्हा तीच म्हण आली, तर व्यवस्थापनाच्या बैठकीच्या खोलीतही तसाच एक कॅमेरा बसवावा, आणि त्याचा पडदा स्टाफरूममध्ये लावावा, अशी सूचना मांडेन. कर नाही त्याला डर कशाला?